संकेतस्थळ फुकट, सुरक्षा मात्र विकत?

५ जानेवारी २०२५ रोजी ड्रुपल ७ या संकेतस्थळे उभारण्याच्या मुक्त प्रणालीचा अधिकृत आधार संपला. बरोबर चौदा वर्षांपूर्वी, ५ जानेवारी २०११ रोजी ती प्रसिद्ध झाली होती. आधार संपला तेव्हाही काही लाख संकेतस्थळे तिच्यावरच उभी होती. बातमी तांत्रिक वाटते. पण तिच्या पोटात दडलेला प्रश्न मुळीच तांत्रिक नाही. जी वस्तू सर्वांसाठी खुली म्हणून मिरवली जाते, ती जुनी झाल्यावर तिची राखण कोणी करायची, आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, हा तो प्रश्न आहे.

आधार संपला म्हणून संकेतस्थळ बंद पडत नाही. ते पूर्वीसारखेच दिसते, चालते. मात्र त्यात नवे भगदाड सापडले तर ते बुजवण्याची जबाबदारी मूळ प्रकल्पावर राहत नाही. याचा अर्थ काय, हे १५ ऑक्टोबर २०१४ रोजी जगाने पाहिले आहे. ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष त्या दिवशी जाहीर झाला, सोबत दुरुस्तीही दिली गेली. तरीही सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ हॅकरांच्या हाती गेले असे समजून चाला, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा पथकालाच पुढे द्यावा लागला. दुरुस्ती फुकट मिळत असताना ही गत! आता ती बहुतांशी विकत घ्यावी लागणार आहे.

मग लोक नव्या आवृत्तीकडे का जात नाहीत? आळशी आहेत म्हणून, असे सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ ने घराचा पायाच बदलला. जुने जोडभाग नव्यात चालेनात. संकेतस्थळ नव्याने बांधायचे आणि मजकूर तिकडे वाहून न्यायचा, एवढाच मार्ग उरला. मोठ्या कंपनीला हा अंदाजपत्रकातला एक आकडा असतो. एखादे वाचनालय, कामगार संघटना किंवा वर्गणीवर चालणारी संस्था यांनी काय करावे? त्यांचे संकेतस्थळ एखाद्या होतकरू तरुणाने हौसेने उभे करून दिलेले असते आणि तो केव्हाच नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो. ड्रुपलच्या धुरिणांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच नोव्हेंबर २०२१ ची मुदत त्यांनी कोरोनाकाळात २०२२ पर्यंत, मग २०२३ पर्यंत आणि अखेरीस जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या आवृत्तीची राखण करणारे हात अनेकदा स्वयंसेवकांचे असतात. त्यांच्याकडून आयुष्यभर वेठ घ्यायची काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. पण ज्यांनी या फुकटच्या श्रमावर आपला कारभार चालवला, त्यांना कोण जाब विचारणार? २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाऊसचे संकेतस्थळ ड्रुपलवर गेले. भारत व अमेरिका सरकारांनी मिळून शासकीय माहिती खुली करण्यासाठी जे व्यासपीठ उभारले, तेही ड्रुपलवरच. सरकारे आणि कंपन्या यांनी घेतलेल्या लाभाची परतफेड म्हणून राखणीचा खर्च उचलावा, ही मागणी भिकेची नव्हे, हिशेबाची आहे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०१६ मध्ये ड्रुपल ६ चा आधार संपला, तेव्हा पैसे घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी केलेल्या दुरुस्त्या सर्वांसाठी खुल्या ठेवण्यात आल्या होत्या. डेबियन ही संगणक प्रणाली २०१४ पासून याच वाटेने चालली आहे. ज्यांना परवडते ते पैसे देतात, त्यातून तंत्रज्ञांना कामाचे दाम मिळते आणि दुरुस्ती मात्र पैसे न देणाऱ्यालाही मिळते. एकाने विहीर खणली तरी पाणी गावाचे, हा तो न्याय. ड्रुपल ७ च्या बाबतीत वर्गणी भरणाऱ्यालाच संरक्षण मिळणार असेल, तर मुक्त या शब्दाला अर्थ उरत नाही.

तोवर लहान संस्थांनी हातावर हात ठेवून बसू नये. आपले संकेतस्थळ कोणत्या आवृत्तीवर आहे, तिचा आधार कधी संपतो आणि दुरुस्ती कोण करणार, हे तीन प्रश्न प्रत्येक कार्यकारिणीने विचारलेच पाहिजेत. वार्षिक जमाखर्चात राखणीची रक्कम वेगळी काढावी. एकट्याला तंत्रज्ञ परवडत नसेल तर पाच-दहा संस्थांनी मिळून एक ठेवावा. ड्रुपल ७ मधूनच फुटून २०१५ मध्ये निघालेली बॅकड्रॉप ही प्रणाली लहान संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून चालते; तिचाही विचार व्हावा. संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क परवान्याने प्रत्येकाला दिलेला आहे. पण कागदावरचा हक्क बजावायला संघटित बळ लागते. ते उभे केले नाही, तर मुक्त प्रणालीतही सुरक्षित राहतील ते फक्त पैसेवाले.