दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे का?

पोटाच्या ऑपरेशनचे नाव निघाले की आपण बेळगावात दाखवतो, मग मिरजेलाही दाखवून येतो. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मुलाच्या मनाच्या आजारावर गोळ्या सुरू झाल्या की मात्र आपण गप्प बसतो. ‘डॉक्टरांना राग येईल’ हे सांगण्याचे कारण. आणखी एका माणसाला कळेल, ही आमच्या मते खरी भीती. शंका मनात राहते आणि एक दिवस गोळ्या परस्पर बंद होतात. हे सर्वांत वाईट. काही औषधे एकदम थांबवली तर त्रास वाढतो. दुसरा सल्ला मिळेपर्यंत औषध चालूच ठेवावे.

धारवाडची डिम्हान्स संस्था काही फार लांब नाही. पहिल्या डॉक्टरांना सांगून, सर्व कागद घेऊन जावे. उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. गोळी घेतल्यावर कसे वाटते, हे मुलालाही विचारावे. ते बहुधा राहूनच जाते. वर्गात ते पेंगते का, चिडते का, याच्या चार ओळी वर्गशिक्षकांकडून लिहून घ्याव्यात. विश्वस्तांना विनंती एवढीच, की ही चिठ्ठी पालकांना कार्यालयाच्या खिडकीत, चारचौघांसमोर मागावी लागू नये.