अंगठीचे वय आणि लेकींचा वाटा



मध्यंतरी भांडुपच्या टेंभीपाड्यात एका कालकथित माउलीच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो होतो. बौद्धाचार्यांनी विधी पार पाडला, भोजन झाले, मंडळी पांगली आणि घरच्यांनी आईची पत्र्याची पेटी उघडली. आत दोन लुगडी, रेशनकार्ड, बाबासाहेबांचा जुना फोटो आणि रुमालाच्या गाठीत बांधलेली एक अंगठी. सोन्याची, वर पांढरा लखलखीत खडा. तोवर गळ्यात गळा घालून रडणारी तीन भावंडे त्या अंगठीपाशी येऊन थांबली.

धाकटी लेक म्हणाली, "ही आजीची. ती पारशी बाईकडे कामाला होती, त्या बाईने दिलेली. इंग्रजांच्या काळातला हिरा आहे." थोरली म्हणाली, "नाही, ही आईच्या लग्नातली. १९६५ साली आजीने करून दिली होती." आणि मधला भाऊ म्हणाला, "मी १९९१ साली पहिल्या बोनसमधून केली ही. आईकडे फक्त ठेवायला दिली होती."

आमच्याकडे वळून थोरली म्हणाली, "भाऊ, तुम्ही कागदपत्रं बघता. तुम्हीच सांगा, कुणाचं खरं?"

आम्ही पडलो कारकून माणूस. हिऱ्यातले आम्हाला काय कळणार? परंतु प्रश्न हिऱ्याचा नव्हताच. १९५६ चा वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता आई गेली, तर तिच्या मालकीच्या वस्तूत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. नवरा हयात असेल तर त्याचाही तेवढाच. वडील या घरात आधीच वारले होते. लेकाने आईला भेट दिलेली वस्तूसुद्धा आईचीच ठरते. मात्र त्याने स्वतःची वस्तू केवळ ठेवायला दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे अंगठी भावाच्या जन्माआधीची निघाली, तर त्याचे म्हणणे टिकत नाही. स्त्रीला वारसा मिळावा म्हणून हिंदू कोड बिल मांडणाऱ्या बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण दर जयंतीला भाषणात ऐकतो. घरात पेटी उघडल्यावर मात्र "लेकींचं लग्नात दिलं की" असे म्हणून मोकळे होतो.

धाकटीच्या गोष्टीबद्दल आम्हाला आधीपासून शंका होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर कथलाचे नाहीतर चांदीचे दागिने असायचे. ती त्यांची हौस नव्हती, जातीची खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना हेच सांगितले, की ही ओझी टाका, घालायचाच तर दागिना सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. अशा घरात इंग्रजांच्या काळातला हिरा कोठून यावा? पण असे आधीच ठरवून बसणे बरे नव्हे, म्हणून तिघांना घेऊन आम्ही सराफाकडे गेलो.

पहिल्या दुकानात अंगठी हातात घेताक्षणी उत्तर आले, "जुना माल आहे, वितळवून टाका, पैसे घेऊन जा." आम्ही उठलो. वितळवल्यावर वय कोण सांगणार? दुसऱ्या दुकानातला म्हातारा कारागीर भला निघाला. त्याने डोळ्याला भिंग लावले आणि तासभर आम्हाला शाळा शिकवली.

आधी त्याने अंगठीच्या आतल्या बाजूचा शिक्का शोधला. आपल्याकडे सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू झाले. त्या शिक्क्यात २०१६ पर्यंत वर्षाचे अक्षर असे, ए म्हणजे २०००, बी म्हणजे २००१, याप्रमाणे. २०२१ पासून सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक आला, तो मोबाइलवरील बीआयएस केअर ॲपमध्ये घालून तपासता येतो. या अंगठीवर काहीच नव्हते. "म्हणजे जुनी?" धाकटीने विचारले. कारागीर हसला. शिक्का असला तर तारीख कळते, नसला तर काहीच कळत नाही. जून २०२१ पर्यंत सक्तीच नव्हती, तेव्हा बिनशिक्क्याचे दागिने सर्रास विकले जात.

मग कॅरेट मीटरवर ठेवली. सोने १४ कॅरेट निघाले, म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग. भावाचा चेहरा पडला, फसवले गेलो असे त्याला वाटले. पण कारागिराचे डोळे चमकले. आपल्याकडे अंगठी घडायची ती २२ कॅरेटची. मग १४ कशी? चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी केली. कित्येक सोनारांच्या चुली विझल्या. चोरून २२ कॅरेटचे काम चालायचे, तरी उजळ माथ्याने घडवायचे ते १४ चेच. ही बंदी १९६६ साली उठली. अलीकडे हिऱ्याच्या दागिन्यांत १४ कॅरेट पुन्हा दिसते, हे खरे. पण या अंगठीचा बोटाखालचा भाग झिजून पात्यासारखा झालेला. तेवढी झीज पाच-दहा वर्षांत होत नाही. थोरलीचे १९६५ बरोबर बसत होते.

राहिला खडा. हिरा स्वतः शंभर कोटी वर्षांहून जुना असतो, त्यामुळे त्याचे वय विचारण्यात अर्थ नाही. विचारायचे ते पैलूंचे. जुन्या काळी हाताने पाडलेल्या हिऱ्याचा घाट थोडा चौकोनी, माथा उंच, वरची सपाटी लहान आणि खालचे टोक कापलेले, त्यामुळे वरून पाहताना मधोमध बारीक ठिपका दिसतो. आजच्या गोल हिऱ्याचे प्रमाण मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ साली गणिताने मांडले, तेव्हापासून घाट बदलत गेला. मात्र आजही कोणी मुद्दाम जुन्या घाटाचा हिरा पाडू शकतो, हेही कारागिराने बजावले.

हिरा तपासायचे यंत्र त्याने खड्याला टेकवले. यंत्र गप्प. खडा अमेरिकन डायमंड होता. हा कृत्रिम खडा दागिन्यांसाठी बाजारात आला तोच १९७६ च्या सुमारास. म्हणजे अंगठी साठच्या दशकातली आणि खडा त्यानंतरचा! कारागिराने भिंग आमच्या हाती दिले. खडा धरणारे काटे नवे, वेगळ्या रंगाचे, आणि खड्याचे घर खड्यापेक्षा किंचित मोठे. "आधी दुसरा खडा होता," तो म्हणाला.

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "१९८८ साली मी आयटीआयला लागलो. फी होती, हत्यारं घ्यायची होती. आईने मला सोबत नेलं, सराफाने खडा काढून घेतला, पैसे आईने मोजून घेतले. अंगठी तशीच बोडकी घालायची ती. बोनस मिळाला तेव्हा मी हा खडा बसवून दिला. मला वाटायचं, मीच केली."

थोरलीला हे ठाऊक नव्हते. तेव्हा ती सासरी होती.

तो मूळ खडा हिरा होता का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण काचेच्या तुकड्याला रोख पैसे मोजणारा सराफ आम्ही तरी पाहिलेला नाही. कदाचित पारशी बाईने दिलेला असेल तो नुसता खडा, आणि आजीने लेकीच्या लग्नात तो नव्या अंगठीत बसवून घेतला असेल. धाकटीला हसण्यावारी नेले, याची आम्हाला जरा लाज वाटली.

त्या रात्री टेंभीपाड्यात बसून आम्ही कागद केला. अंगठी आईची, सोन्याच्या वजनाचे त्या दिवसाच्या भावाने तीन सारखे वाटे. अंगठी थोरलीने ठेवायची, कारण शेवटची दोन वर्षे आईचे तिनेच केले; भाऊ-बहिणीचे वाटे तिने दोन हप्त्यांत द्यायचे. धाकटीने विचारले, "आणि खड्याचे किती धरले?" आम्ही त्या रकान्यात शून्य लिहिले होते. भावाने कागद ओढून घेतला, तो आकडा वाचला आणि पहिली सही त्याने केली.