रंग रस्त्यावरच ठरवा

छायाचित्रण स्पर्धांची पत्रकं हाती आली की मी आधी नियम वाचते. परवाच्या एका पत्रकात ठळक अक्षरांत होतं: कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग वापरलेले फोटो बाद धरले जातील, मूळ रॉ फाइल सोबत जोडावी. म्हणजे रॉ तेवढी खरी आणि कॅमेऱ्यातच रंग ठरवणं ही लबाडी, असा हा समज. तो चुकीचा आहे आणि रस्त्यावर फोटो काढू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींचं त्याने नुकसान होतं, असं माझं मत आहे.

रॉ फाइलमध्ये तयार रंग नसतोच. सेन्सरच्या एकेका टिपक्याने लाल, हिरवा किंवा निळा यांतल्या एकाच प्रकाशाची नोंद केलेली असते. त्या नोंदींतून चित्र उभं करताना पिवळा किती गडद आणि सावली किती काळी, हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. आपण ठरवलं नाही, तर ते कंपनीतल्या अभियंत्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ‘स्टँडर्ड’ हेही कुणाचं तरी मतच आहे.

जेजुरीला ते मत चालत नाही. सोमवती अमावास्येला गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा पायऱ्या, दीपमाळा, माणसं आणि हवासुद्धा पिवळी होते. ऑटो व्हाइट बॅलन्स हा पिवळेपणा दिव्याचा दोष समजतो आणि निळं मिसळून हळदीचा जोर उतरवतो. उलट कुणी पिवळं झळकावं म्हणून ‘व्हिव्हिड’ लावतं, तेव्हा लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनल तुडुंब भरतात. भंडाऱ्याचा नुसता सपाट डाग उरतो. हवेतले कण, कपाळावर घामाने काढलेले ओघळ, सदऱ्याच्या चुण्या, सगळं त्यात बुडतं. मी व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे साधारण ५,५०० केल्विनवर, पक्का करते. रंगाची तीव्रता दोन पायऱ्या खाली, हायलाइट मऊ, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी. जिथे रंग आपणहून ओसंडतो तिथे कॅमेऱ्याने तो आणखी वाढवायची गरज नसते. असं केलं की त्या पिवळ्याच्या आतले चेहरे दिसायला लागतात.

‘मॅडम, हे सगळं घरी एडिटिंगमध्ये होतं की,’ असं विद्यार्थी म्हणतात. होतं, पण घरी पोचेपर्यंत फोटो काढून झालेला असतो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये लावलेलं सेटिंग बटण दाबण्याआधीच दिसतं, आणि जे दिसतं त्यावरून आपण पुढचं पाऊल टाकतो. कृष्णधवल लावून तुळशीबागेत शिरले की बांगड्यांचे रंग मला खुणावत नाहीत. छपराच्या फटीतून उतरलेली उन्हाची तिरीप दिसते, आणि तिच्यात कुणीतरी येईपर्यंत मी थांबते. त्याच बोळातून रंगीत सेटिंगवर गेले तर दुसरीकडेच उभी राहते, दुसऱ्याच माणसाची वाट पाहते. संगणकावर रंग काढून टाकता येतो, पण उभं राहण्याची जागा बदलता येत नाही.

फिल्मच्या काळात हा निर्णय रोल भरतानाच व्हायचा. रघुबीर सिंग कोडाक्रोमवर काम करायचे. ती स्लाइड फिल्म. एकदा टिपलेल्या रंगात नंतर फारसा फेरफार करायला वाव नव्हता. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. ते चाळताना भारतीय रस्त्यांचे रंग किती विचारपूर्वक हाताळता येतात हे कळतं. कोडाकने ती फिल्म २००९मध्ये बंद केली. फिल्म निवडणं हा तेव्हा कलेचा भाग होता, तर तीच निवड आज मेनूतून केली म्हणून ती कमी प्रामाणिक होत नाही.

कृष्णधवल म्हणजे फक्त रंग वजा करणं, असंही नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत कृष्णधवलसोबत पिवळा, लाल, हिरवा असे फिल्टर निवडता येतात. निळ्या आभाळाला नाट्यमय काळोख यावा म्हणून मुलं सरसकट लाल लावतात. आषाढी वारीत तो लावून बघा. लाल फिल्टर लाल रंग उजळवतो, त्यामुळे माउलींच्या कपाळावरचं कुंकू जवळजवळ नाहीसं होतं. भगव्या पताका फिकट पडून ढगाळ आभाळात विरून जातात, आणि आभाळ राखाडीच असल्याने ते काळंही होत नाही. तिथे हिरवा फिल्टर लावावा. कुंकू गडद होतं, पताका उठून दिसतात, डोक्यावरच्या तुळशीची पानं उजळतात आणि उन्हापावसात रापलेल्या कातडीची रेघन्‌रेघ येते.

त्वचेबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. डाइदो मोरियामांची टोकियोतली करकरीत, दाणेदार चित्रं मलाही फार आवडतात. पण त्या धाटणीचं कडक कॉन्ट्रास्ट मंडईत भर दुपारी लावलं की टोपीखालचा सावळा चेहरा काळ्या सावलीत गडप होतो आणि हमालाचे डोळे जातात. दुसरीकडे, चेहरा गुळगुळीत आणि गोरा करून देणारे फोन आहेत. या दोन्हींच्या मधली जागा आपल्याला आपल्याच माणसांकडे बघून शोधावी लागेल. शॅडो थोडी उघडी ठेवा. पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवालीच्या गालावर निळी झाक येते, ती थोडी राहू द्या, पण व्हाइट बॅलन्स इतका उबदार ठेवा की तिचा वर्ण तिचाच राहील.

सगळं शहर प्रकाशाच्या रंगावरून भांडू शकतं. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकर नाराज झाले, राजकारणही पेटलं आणि पुढे पिवळसर दिवे परत आले. ज्या पिवळ्या उजेडासाठी माणसं भांडली, तो ऑटो व्हाइट बॅलन्स धुऊन काढू पाहतो.

बातमीच्या फोटोला इतकी मोकळीक नसावी, हे मला मान्य आहे. पण तिथेही २०१५मध्ये रॉयटर्सने मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातूनच जेपेग म्हणून निघालेले पाठवा, असं कळवलं होतं. कॅमेऱ्याने जागेवर तयार केलेली फाइल एवढी विश्वासाची असेल, तर आपल्या स्पर्धांनी ती बाद का करावी? आयोजकांनी मूळ जेपेग जरूर मागावी. फोटोखाली ठिकाण लिहितो तसं वापरलेलं सेटिंगही लिहायला सांगावं, आणि ते का निवडलं, हे परीक्षकांनी विचारावं.