आवडीचा रकाना

नॅक समिती येणार म्हटलं की विभागाची माहितीपुस्तिका छापली जाते. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेली विद्यार्थिनी (त्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा माझ्या निवृत्तीआधीच गेला होता), आत प्राध्यापकांचे फोटो आणि फोटोशेजारी एक रकाना : संशोधनातील रुची. यंदाची पुस्तिका कोणीतरी आठवणीने घरी पाठवली. अकरा प्राध्यापक. सातजणांना कर्करोगात रुची, पाचजणांना मधुमेहात, आणि नॅनोमेडिसिन तर मिठासारखं सगळ्यांच्याच ताटात. तंबाखूत कोणाला रुची नाही. मिशरीत नाही, सापात नाही, विंचवात नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकतात, त्यांच्याखालून वाकून यांतले सात जण रोज कर्करोगावर संशोधन करायला आत जातात.

रुची म्हणे! खाणावळीत गेलेल्या माणसाला भेंडीची रुची असते का? त्या दिवशी भेंडी शिजलेली असते, एवढंच.

ही भेंडी कशी शिजते ते मला विचारा, कारण माझी पीएचडी घाणेरीवर आहे. बांधावरची घाणेरीची पानं आणायची, सावलीत वाळवायची, मिक्सरमधून काढून पाण्यात उकळायची. गाळलेला अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ओतायचा. पिवळसर रंग तपकिरी झाला की चांदीचे नॅनोकण तयार. यंत्रावर ४२० नॅनोमीटरच्या आसपास टेकाड दिसलं की गाईडला फोन करून पेढे आणायचे. मग ते कण ई. कोलायच्या बशीत टाकायचे आणि भोवतीचं रिकामं वर्तुळ पट्टीने मोजायचं. चांदी जंतूंना मारते हे आजीबाईच्या बटव्यापासून ठाऊक आहे, पण घाणेरीच्या पानातून आलेली चांदी मारते हे ‘नवीन’. पुढच्या विद्यार्थ्याला अडुळसा द्यायचा, त्याच्या पुढच्याला शेवगा. महाराष्ट्रात झाडं पुष्कळ आहेत.

कर्करोग त्यानंतर येतो, तोही कुरिअरने. आमच्याकडे पेशी वाढवायची सोय नव्हती. अर्काची बाटली एका खासगी प्रयोगशाळेला पाठवायची, पैसे भरायचे, पंधरवड्याने आलेख ईमेलवर यायचा. पेशी बहुधा एमसीएफ-७, म्हणजे १९७० साली वारलेल्या मिशिगनच्या एका ननच्या स्तनाच्या कर्करोगातल्या. त्यांच्यावर पिवळा रंग टाकतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्यांकडून ते होत नाही. निम्म्या पेशी किती अर्काने मेल्या, तो आकडा प्रबंधात जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची जुनी चाळणी अशी की कच्च्या अर्काने मिलिलिटरला साधारण ३० मायक्रोग्रॅमच्या आत हे काम केलं तरच त्याच्याकडे वळून बघावं. माझा आकडा दोनशेच्या वर होता. एवढ्या मात्रेत बशीतल्या पेशी मारायला घाणेरी कशाला हवी, भांडी घासायचा साबणही पुरतो. मी निष्कर्षात लिहिलं : ‘कर्करोगविरोधी औषध म्हणून अत्यंत आशादायक.’ परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एकाची पीएचडी कडुनिंबावर होती.

या प्रबंधातून शोधनिबंध का छापला, याचंही उत्तर माझ्याकडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी गुणांचा तक्ता दिला. परीक्षित नियतकालिकात निबंध आला की १५ गुण. लेखक अनेक असतील तर पहिला लेखक आणि मार्गदर्शक मिळून साठ टक्के, बाकीच्यांत चाळीस. भाऊबंदकीत शेताच्या वाटण्या इतक्या चोख होत नाहीत. पंधरा गुणांना गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर दुकानं निघायचीच. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या दुकानांचा पंचनामा छापला. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यांतली ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावं एका फटक्यात उडवली. त्यांत छापून ज्यांच्या बढत्या झाल्या होत्या, त्यांच्या बढत्या मात्र उडाल्या नाहीत. त्यातली एक माझी.

‘पैसे कुठे आहेत? उपकरणं कुठे आहेत?’ असं माझे सहकारी विचारतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या पोरांनी विचारलं तर मी मान खाली घालीन. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्यांनी विचारलं तर मी खानोलकरांचं नाव घेतो. वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजीचे प्राध्यापक, नंतर टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाईंनी लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांच्या नात्यावर निबंध लिहिला. त्यात एक आजार होता धोतराचा : वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी आवळलेल्या काठाखाली होणारा त्वचेचा कर्करोग. धोतर! आमच्या अकरा जणांपैकी कोणी रोग्याच्या कमरेकडे बघितलं असतं का? बघायला पेशंट समोर लागतो, आणि आमचा पेशंट मिशिगनला.

महाडचे हिंमतराव बावस्कर तर प्राध्यापकही नव्हते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, समोर लाल विंचू चावलेली, फेसाळ थुंकत गुदमरून मरणारी माणसं. तो रात्र-रात्र खाटेजवळ बसून नाडी आणि रक्तदाब लिहीत राहिला. ते टिपण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या दंशावर चालते हे त्याने दाखवलं आणि कोकणात विंचवाने मरणं जवळपास थांबलं. त्या माहितीपुस्तिकेत त्याची ‘रुची’ काय छापली असती? विंचू? कुलगुरूंनी पुसून ‘आण्विक विषशास्त्र’ करायला लावलं असतं.

सापाचं तेच. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिविष चार सापांवरचं, त्याच्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेतून येतं, आणि घोणसाचं विष प्रदेशागणिक बदलतं. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या घोणसावर ते प्रतिविष कितपत लागू पडतं, हा जिवंत प्रश्न आमच्या कंपाउंडमागच्या उसात सरपटतोय. प्राणिशास्त्राचे सर म्हणतात, साप हाताळायला वनखात्याची परवानगी लागते. बरोबर आहे. पण कोणाला कुठे चावला, किती वाजता चावला, दवाखान्यात पोचायला किती तास गेले, हे विचारायला नीतिमत्ता समितीची मंजुरी, एक दोनशे पानी वही आणि ग्रामीण रुग्णालयाच्या चकरा एवढंच लागतं. चकरांना मात्र गुण नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी प्रबंधात लिहिली नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. काचसामान धुवायचे, घाणेरीची पानंही तेच तोडून आणायचे. त्यांची आई जन्मभर मिशरी लावायची. एके दिवशी तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, मग गाठ. माझ्या प्रबंधाचं बाइंडिंग मामांनीच करून आणलं होतं. मुखपृष्ठावरचा ‘अँटिकॅन्सर’ शब्द त्यांनी मुलाकडून वाचून घेतला असावा. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते दारात उभे राहिले.

“सर, त्या पाल्याचा काढा आईला देऊ का? किती द्यायचा?”

“नको मामा. काही देऊ नका. उद्याच टाटाला घेऊन जा. मी चिठ्ठी देतो.”

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग टेबलावरच्या प्रबंधाकडे बघून म्हणाले, “मग हे कशासाठी लिहिलंय, सर?”