कोरडी जाळी कोण ओळखणार?

चाळीस वर्षं मी वसईच्या पाचूबंदरातून बोट काढली. आता मुलगा तांडेल आहे आणि मी किनाऱ्यावर बसून येणाऱ्या बोटी बघतो. मासळीने भरलेली बोट पाण्यात दबून येते, मागे पाखरांचा थवा असतो, जाळी ओलीगच्च असतात. म्हणून खोल समुद्रातून आलेल्या बोटीची जाळी कोरडी दिसली की पोटात कालवतं.

मोठ्या जहाजाच्या नजरेतून लहान होडी सुटते, हे आपल्याला जुनं ठाऊक आहे. १६७९ मध्ये इंग्रजांनी खांदेरीची नाकेबंदी केली, तेव्हा शिवाजी महाराजांच्या छोट्या होड्या रात्री त्यांना हुलकावणी देऊन बेटावर रसद पोहोचवत. तो आपला अभिमान. पण नोव्हेंबर २००८ मध्ये अशीच एक बोट आपल्यावर उलटली. अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' पळवली. तटरक्षकांना ती हजारो मच्छीमार बोटींपैकी एक वाटावी, एवढंच त्यांना हवं होतं. मुंबईजवळ दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनीच. 'कुबेर'च्या तांडेलाचा मृतदेह नंतर बोटीतच सापडला. माझ्यासारखाच एक माणूस.

त्यानंतर ओळखपत्रं आली, राज्यानुसार बोटींचे रंग ठरले. 'सागर कवच' सरावात जवानच हल्लेखोर बनून किनाऱ्यावर घुसायचा प्रयत्न करतात. हे हवंच. पण रंग फासता येतो, ओळखपत्र माणसासकट पळवता येतं. जाळं ओढून घट्टे पडलेले हात आणि लाटेबरोबर हलणारे पाय उसने मिळत नाहीत. ते ओळखणारा तांडेल गस्तीच्या बोटीवर मानधन देऊन नेमा, सागरी पोलिसांच्या प्रशिक्षणात त्याला शिकवू द्या, असं माझं म्हणणं आहे. सध्या आम्हाला बैठकीला बोलावतात ते सूचना ऐकवायला.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी मला अशी एक बोट दिसली. दिवे बंद, जाळी कोरडी, डेकवरची माणसं कठडा धरून उभी. मी फोन केला. पलीकडच्याने माझं नाव दोनदा विचारलं, पत्ता विचारला, बोटीचा नंबर विचारला. तो अंधारात दिसला नव्हता, म्हणून तक्रार पुढे सरकली नाही. बोट कुठे गेली, हे कोणी विचारलंच नाही. ती उत्तरेला गेली होती, अर्नाळ्याचा किल्ला उजव्या हाताला ठेवून.