टिळकांची फाळणी कशासाठी?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांमधला कवी आमचा आणि पाद्री मिशनचा, असा निवाडा एका विद्वानांनी नुकताच व्याख्यानात देऊन टाकला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: १८९५ सालचा बाप्तिस्मा म्हणजे एका भावनाप्रधान माणसाचा ढळलेला तोल, त्यापायी संसार उधळला, पुढे पगारी प्रचारकाने फुलामुलांच्या कवीचा गळा आवळला. तेव्हा निसर्गकविता वाचा, बाकीचे सोडून द्या.

संसारातले दुःख खरे आहे. सुमारे पाच वर्षांची ती ताटातूट लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे. पण त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. त्यांची कीव करणाऱ्यांना त्यांचा निर्णय मात्र दिसत नाही.

गळा आवळल्याचा आरोप मला मुळीच सोसवत नाही. तुकोबांच्या अभंगांतून विठ्ठल वजा करून उरेल तेवढे शुद्ध काव्य म्हणून छापायची या विद्वानांची तयारी आहे का? नाही ना? मग ख्रिस्ताचे नाव येताच कविता बाटते कशी? तुकोबांच्या आधारानेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक स्वतः सांगत. म्हणून तर त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरुमाउली होऊन येतो. त्यांच्या आधीही ख्रिस्ती पदे होती, कीर्तने होती. पण उपासनेत भाषांतरित गीते आणि पाश्चात्त्य चाली यांचा भरणा मोठा. टिळकांची भजने आली आणि देवळातल्या साध्या माणसाला आपल्या बोलीत, आपल्या ठेक्यावर प्रार्थना करता आली. ती भजने आजही गायली जातात. हे काम प्रचारकाचे की कवीचे? साहित्य आणि प्रचार हा वाद तसा जुनाच. सुधारणावादी कादंबऱ्यांवर तो घातला गेला, दलित आत्मकथनांवर घातला गेला, आणि दर वेळी नावडत्या श्रद्धेलाच प्रचार म्हटले गेले.

पगाराचे म्हणाल, तर १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यांनी एकत्र बोलावले. पोटासाठी धर्म धरणारा माणूस पंचावन्नी उलटल्यावर असे करत नाही.

माझे म्हणणे साधे आहे: टिळक अखंड वाचा. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात पुढे आलेल्या बालकवींना त्यांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. धर्मोपदेशकाच्या घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले. ही माया आणि ती उपासना एकाच मनातून आलेली आहे. पाठ्यपुस्तकांत टिळकांची एखादी निसर्गकविता घ्याल, तेव्हा तिच्या शेजारी त्यांचा एक ख्रिस्ती अभंगही छापा, खाली ‘रेव्हरंड’ हे बिरुद न गाळता.