काचेआडचे वस्त्र

मुलांनो, अहमदाबादेस १९४९ साली स्थापन झालेल्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात जुनी मोलाची वस्त्रे जतन केली आहेत. हे योग्यच, परंतु काचेआडचे वस्त्र उलटून पाहता येत नाही, आणि विणकराचे कसब तर पाठच्या बाजूसच कळते! आमच्या गंगापूरच्या जिल्ह्यातीलच पैठणी घ्या. तिचा पदर दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखा दिसतो. कारण नक्षीतील रंगारंगाचा धागा निरनिराळ्या कांड्यांनी हाताने गुंफलेला असतो. सूत व रेशीम मिळून विणलेल्या हिमरूच्या पाठीवर मात्र नक्षीचे जादा धागे मोकळे दिसतात. हिमरूचे विणकर आता थोडेच उरले आहेत. माझ्या मते, या जिल्ह्यात वस्त्रसंग्रहालय उभारायचे, तर कपाटांआधी तेथे चालता माग हवा आणि त्यावर बसणाऱ्या विणकरास शिक्षकाइतके वेतन हवे.